विमानाने एक तास पाच मिनिटं

"विमानाने म्हणाल तर एक तास पाच मिनिटं," दिगूमामा नावाड्याला सांगत होता.

नावाडी तेलुगू बोलणारा, मराठी त्याला जेमतेम कळत होतं. त्याने एकदा मामाकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे पाहिलं आणि बिडी पेटवली. समोर प्राणहिता नदी तांबडी होऊन वाहत होती. पलीकडच्या काठावर सिरोंचा दिसत होतं, घरांची छपरंसुद्धा दिसत होती, आणि नाव बंद होती. वरच्या अंगाला कुठेतरी जोराचा पाऊस झाला होता. पाणी उतरल्याशिवाय नाव सोडायची नाही, असं नावाड्यांनी ठरवलं होतं. आम्ही सकाळपासून एका बाभळीखाली पिशव्यांवर बसून होतो. माझ्या चपलेचा अंगठा आदल्या दिवशी तुटला होता, पाठ एसटीच्या बाकांनी धरली होती आणि डोकं तर केव्हाच फिरलं होतं.

"मामा," मी म्हणालो, "हे वाक्य परत एकदा काढलंस तर तुला नदीत ढकलीन."

"अरे पण खरं आहे ते. सरळ रेघ मारली तर..."

"मग तू सरळ रेघेने ये. मी आपला नावेने येतो."

त्यावर मामा हसला. त्याचं ते हसणं आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आमचं दोडामार्ग म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक, चार पावलं चाललं की गोवा. आणि सिरोंचा म्हणजे थेट दुसरं टोक, नदी ओलांडली की तेव्हाचा आंध्र. आता तिथे पूल झालेत, त्या वेळी नव्हते. माझी धाकटी बहीण विशाखा तिथे दिली होती. तिला दिवस गेले होते, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मी तिला न्यायला मुराळी होऊन निघालो होतो. आठवा महिना लागला की आमच्यात गरोदर बाईला प्रवासाला बाहेर काढत नाहीत, आणि तिचा सातवा सरत आला होता. म्हणजे पोचायचं, एक दिवस टेकायचं आणि तिला घेऊन लगेच परत फिरायचं, असा सगळा घाईचा मामला होता. त्यात मामाने, भाचीला आणायला मामा नको का, म्हणून आपलं गाठोडं बांधलं. आईनेही हो म्हटलं. आमच्या घरात माझ्या मताला कोण विचारतो?

विचारलं असतं तर हे लग्नच झालं नसतं, असं मी तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होतो.

मुलगा तसा सोन्यासारखा होता, त्याबद्दल वाद नाही. मिलिंद पडते. मूळचे सावंतवाडीकडचेच लोक, पण त्याचे आजोबा जंगल खात्यात नोकरीला म्हणून सिरोंच्याला गेले आणि तिथेच मुरले. मिलिंदचं तिथे औषधांचं दुकान. विशू आणि तो कोल्हापूरला फार्मसीला एकत्र होते. स्थळ म्हणून त्यांच्याकडून रीतसर विचारणा आली आणि आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं, कारण आईची अट. बाबा गेल्यापासून घर तिच्या शब्दावर चालायचं. तिने आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की सकाळी घरातून निघालं की दिवेलागणीच्या आत ज्या दारात पोचता येईल, त्याच दारात माझी मुलगी जाईल.

ही अट काही उगाच नव्हती. आईचं माहेर घाटावर, चंदगडकडे. आमच्या अंगणात उभं राहिलं की ज्या डोंगराची कड दिसते, तिच्यापलीकडे. पण आमच्या लहानपणीही तो घाट चढायला धड रस्ता नव्हता, एसटी आंबोलीवरून वळसा घालून जायची. तिचे वडील अत्यवस्थ आहेत असा निरोप आला तेव्हा ती निघाली. एक गाडी चुकली, दुसरी घाटात बंद पडली, आणि ती पोचली तेव्हा लोक नदीवरून अंघोळ करून परतत होते. त्यानंतर कित्येक वर्षं ती त्या डोंगराकडे तोंड करून कपडे वाळत घालायची नाही.

तर अशा बाईपुढे सिरोंच्याचं नाव. तिने पहिल्याच दिवशी नाही म्हणून टाकलं. विशूचं जेवणावरचं लक्ष उडालं. मग एके दिवशी दिगूमामा उगवला. त्याचं बाजारात कॉम्प्युटरचं दुकान होतं, पोरं तिथे निकाल बघायला आणि गेम खेळायला जात. तो आईला म्हणाला, आक्का, जरा दुकानात चल, तुला एक गंमत दाखवतो. मीही मागोमाग गेलो. त्याने पडद्यावर दोडामार्ग असं टाकलं, सिरोंचा असं टाकलं, आणि नकाशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक निळी रेघ आली. खाली लिहून आलं, अंतर इतकं किलोमीटर, विमानाने लागणारा वेळ एक तास पाच मिनिटं.

मी म्हणालो, मामा, दोडामार्गला धड एसटी स्टँड नाही, विमान कुठून उडणार? आणि उतरणार कुठे, नदीत? ते यंत्र कुठल्याही दोन गावांची नावं टाकली तरी असंच सांगतं. मामा म्हणाला, मशीन कधी खोटं बोलत नाही. मी म्हणालो, मशीन खोटं बोलत नाही, तू बोलतोयस.

आईने मला गप्प बसवलं. ती त्या रेघेकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "तासाभराचंच आहे म्हणायचं. मग काय हरकत आहे?" आणि चपला घालून बाहेर पडली. लग्न ठरलं.

माझी जी चिडचिड सुरू झाली ती त्या दिवसापासून. लग्नाला सिरोंच्याहून वऱ्हाड आलं तेव्हा त्यांचे पाय सुजलेले होते, निम्मे लोक बसल्या जागी झोपत होते, आणि आमचे पाहुणे कौतुकाने विचारत होते, विमानाने आलात ना? मामा मध्येच पुढे होऊन विषय बदलत होता. मी एकदोनदा आईला खरं सांगायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, तुझं लक्ष पंगतीकडे असू दे.

आणि आता हा प्रवास. आधी बेळगाव, तिथून रात्रभर बसने हैदराबाद, तिथून आगगाडीने मंचेरियाल, पुढे चेन्नूर, तिथून जीपच्या टपाजवळ लोंबकळत हा काठ. गोव्याहून विमानाने हैदराबादला जाता आलं असतं, पण त्या भाड्यात विशूचं बाळंतपण आणि बारसं दोन्ही झालं असतं. वाटेत जिथे फोन मिळेल तिथून घरी कळवायचं ठरलं होतं, कारण आईकडे मोबाईल नव्हता, घरचा फोन तेवढा होता. मी फोन लावायचो, आई विचारायची कुठवर आलात, आणि मी तोंड उघडायच्या आत मामा माझ्या हातातून फोन ओढून घ्यायचा.

"आक्का, विमानाला जरा उशीर आहे," तो सांगायचा. दर वेळी तेच.

हैदराबादच्या फलाटावर तर मला आईचा आवाज बाहेर ऐकू आला. ती म्हणत होती, "बरं बरं. खिडकी लावून बसा. वारा लागेल."

मी कपाळावर हात मारून घेतला. माझी आई, साठीला आलेली, घरातला सगळा व्यवहार सांभाळणारी बाई, आणि या माणसाने तिला विमानाच्या खिडकीला झडप असते अशा समजुतीत ठेवलं होतं. मला मामाचा राग आला आणि तिची कीव आली.

दुपार कलल्यावर पाणी थोडं उतरलं आणि नाव सुटली. मामा नावेतही गप्प नव्हता. पलीकडे मिलिंद घ्यायला आला होता. तो हसला, माझ्या पाया पडला, मामाच्या पाया पडला, पण मला त्याचा चेहरा बरा वाटला नाही. वाटेत त्याने सांगितलं की विशूचं ब्लडप्रेशर वाढलंय, पायांवर सूज आहे. काल सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, आता बाळंत होईपर्यंत हिला हलवायचं नाही. जीपचे धक्के नाहीत, नाव नाही, काही नाही. पडून राहायचं.

म्हणजे ज्या कामासाठी आम्ही या टोकाहून त्या टोकाला आलो होतो, ते कामच संपलं होतं.

विशू खाटेवर होती. मला बघून उठायला गेली, तिच्या सासूबाईंनी खांद्याला धरून बसवलं. चेहरा सुजला होता, ओठ कोरडे पडले होते. ती माझ्याशी नीट बोलली, मामाशी बोलली, प्रवासाची चौकशी केली, आणि मग एकदम तिचा बांध फुटला.

"दादा, मला आई हवी रे. मला भीती वाटते."

सासूबाई तोंडात पदर धरून स्वयंपाकघरात गेल्या. बाई खरंच चांगल्या होत्या, पण त्या वेळी सासू म्हणजे आई नव्हे.

मग मात्र माझा तोल सुटला. इतके महिने साठलेलं सगळं मी मामावर काढलं. म्हटलं, बघ तुझ्या एक तास पाच मिनिटांनी काय करून ठेवलं ते. ही इथे पडली आहे, ती तिथे बसली आहे, जिने आयुष्यात एकच भीती बाळगली, की वेळेला पोचता येणार नाही. आणि तू तिला त्याच खड्ड्यात नेऊन घातलंस. तुला कळत नव्हतं तर गप्प बसायचंस. उत्तर दिलं ते विशूने.

"मामाला नको बोलूस. मीच त्याला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"की आईला काहीतरी सांग. काहीही सांग. मला इथेच यायचं होतं, दादा. नाहीतर मी लग्नच केलं नसतं."

मी मामाकडे पाहिलं. त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"दोडामार्गला विमान उतरत नाही, एवढं मला कळतं रे," तो म्हणाला. "पण पोर रडत होती. दुसरं काही सुचलं नाही."

म्हणजे वर्षभर अख्खा बाजार त्याला वेडा म्हणत होता, मी म्हणत होतो, त्याच्या दुकानात येणारी पोरं त्याला विमानमामा म्हणून चिडवत होती, आणि हा माणूस हसत ते सगळं ऐकून घेत होता. तरी माझा राग काही जाईना. मी अंगणात जाऊन तोंडावर पाणी मारून आलो.

आईला फोन करणं भागच होतं. मिलिंदच्या दुकानातून फोन लावला. मामा माझ्याजवळ उभा होता, पण या वेळी त्याने हात पुढे केला नाही. मी आईला सगळं सांगितलं, प्रेशरचं, सुजेचं, डॉक्टरीणबाईंचं. शेवटी मी म्हणालो की विशू तुझी आठवण काढते आहे.

मग तिने विचारलं, "संदेश, किती वेळ लागेल रे मला?"

खरं सांगायचं म्हणून मी गेलं वर्षभर तडफडत होतो. आता तिनेच विचारलं होतं, मामा आड येत नव्हता, आणि बेळगावपासून या काठापर्यंतचा एकेक धक्का माझ्या पाठीत ताजा होता. पण तिचा आवाज मी ओळखत होतो. चंदगडचा निरोप आला त्या दिवशी तिने बाबांना असंच विचारलं होतं, किती वेळ लागेल हो मला. मी तेव्हा शाळकरी पोर होतो, दारात उभा होतो. बाबांनी तिला खरं सांगितलं होतं. ती तिथेच उंबऱ्यावर बसली होती, आणि पहिली गाडी चुकली ती त्यामुळे.

"विमानाने एक तास पाच मिनिटं, आई," मी म्हणालो.

"बरं. निघते मी."

मी घाईघाईने म्हणालो की मी हैदराबादला घ्यायला येतो, तू अमुक ठिकाणी थांब. ती म्हणाली, "कशाला? तासाभरासाठी तू कुठे तंगडतोड करतोस? बहिणीजवळ थांब." आणि फोन ठेवून दिला.

मी पुन्हा लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मामा म्हणाला, आता काय रे? मी म्हणालो, आता तुझं डोकं आणि माझं डोकं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या परबकाकींकडे फोन केला, तर त्या म्हणाल्या, आई तर पहाटेच गेली, पिशवीत ओल्या नारळाच्या वड्या आणि डिंकाचे लाडू घेऊन गेली. कुठे गेली? अहो, विशूकडे. कशाने? विमानाने, म्हणाली.

पुढचा काळ मी कसा काढला ते मला आणि त्या नदीच्या काठालाच ठाऊक. कोल्हापूरच्या पलीकडे कधी न गेलेली बाई. ना तेलुगू, ना धड हिंदी. ती विमान शोधत गोव्याला तर गेली नसेल? हैदराबादच्या स्टँडवर कुणी तिला भलतीकडेच बसवलं नसेल? मी शोधायला निघतो म्हणालो, तर मिलिंद म्हणाला, दादा, चुकामूक होईल. विशूला काहीच सांगता येत नव्हतं, तिला सांगितलं होतं की आई तिकिटाच्या खटपटीत आहे. मी सकाळसंध्याकाळ नदीकाठी जाऊन उभा राहायचो आणि मामावर खेकसायचो. मामा बिचारा खेकसून घ्यायचा. मध्येच एकदा तो पुटपुटला, "आक्काला काही झालं तर मी काय तोंड दाखवू?" आणि मी त्याच्यावर खेकसायचं थांबवलं.

शेवटी एका सकाळी समोरच्या काठावरून नाव निघाली. आधी मला नुसती माणसं दिसली, सायकली दिसल्या, एक शेळी दिसली. मग शेळीच्या शेजारी हिरवं नऊवारी दिसलं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि मांडीवर आमची घरची खाकी पिशवी. नावाड्याने हात दिला तर तिने तो धरला नाही, पिशवी त्याच्याकडे दिली आणि स्वतः चिखलात उतरली. मामा पळत पुढे गेला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"उगी," आई म्हणाली. "पिशवी धर. लाडू फुटतील."

मी तिच्यासोबत चालायला लागलो. तिचे पाय घोट्यापर्यंत सुजले होते, केसांत धूळ होती. मी विचारलं, वाट कशी सापडली तुला?

"लग्नातच विहीणबाईंना विचारून ठेवली होती. बेळगाव, हैदराबाद, मंचेरियाल, चेन्नूर. रोज झोपताना म्हणत होते."

मी रस्त्यातच थांबलो. "म्हणजे तुला सगळं माहीत होतं?"

"अरे, माझ्या बापाचं घर सरळ रेघेत मला अंगणातून दिसायचं," ती म्हणाली. "मला कोण रेघ दाखवून फसवणार?"

"मग हो का म्हणालीस तेव्हा?"

"पोरीला जायचं होतं. मला माझा शब्द मोडायचा होता, त्याला काहीतरी निमित्त नको का? तुझ्या मामाने आणून दिलं." थोडं चालल्यावर ती पुन्हा बोलली, पण माझ्याकडे न बघता. "आणि फोनवर तू खरं सांगितलं असतंस ना, तर माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला नसता."

म्हणजे अख्ख्या घरात एक मीच राहिलो होतो, त्या विमानावर रागावणारा. बाकी सगळे त्यात बसून कधीचे निघाले होते.

घर आलं. विहीणबाई दारात आल्या, त्यांनी आईला बघितलं आणि वाट देऊन बाजूला झाल्या. विशू खाटेवर उठून बसली होती. बाहेरचे आवाज तिने ऐकले असावेत. तिने आईकडे पाहिलं, मग आईच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं.

"कशी आलीस गो?" तिने विचारलं.

"विमानाने," आई म्हणाली. "खिडकी लावून बसले होते, वारा लागला नाही. आता आधी पाणी द्या कुणीतरी, पाय धुते आणि हिच्याजवळ बसते."